करंडक ठेवा, तालमीची जागा द्या

पुण्यात नाटकाचं भवितव्य काय, यावर दरवर्षी कुठंतरी परिसंवाद झडतो. मंचावर तेच चेहरे, तीच हळहळ. प्रेक्षक आटला, पोरं मालिकांकडे पळाली, दर्जा घसरला. दोस्तांनो, या हळहळीत कासेवाडी नसते, ताडीवाला रोड नसतो, जनता वसाहत नसते. जणू तिथं नट जन्मतच नाहीत!

हा दर्जा कोण ठरवतं? या गावात हा धंदा जुना आहे. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिलं. कुणबी नवराबायको, बाई गरोदर, ग्रहांची भीती घालून त्यांना लुबाडणारा जोशी, आणि मधेमधे त्याचं पितळ उघडं पाडणारा विदूषक. शेवटी जोडपं रात्रीच्या शाळेची वाट धरतं. नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे गेलं. कमिटीतल्या भटांपुढं तिथल्या युरोपियनांचंही चाललं नाही, हे जोतीरावांनी 'गुलामगिरी'त लिहून ठेवलंय. नाटक छापून यायला १९७९ उजाडलं. रंगभूमी दिनाला सांगलीचं १८४३ चं 'सीतास्वयंवर' जरूर आठवा. पण जोतीरावांचं नाटक एवढी वर्षं कुठल्या फडताळात कोंडलं होतं, तेही सांगा.

'महाराष्ट्रीय कलोपासक' १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक भरवते. त्यातून कसदार नट निघाले, हे मी नाकारत नाही. २०२२ साली परीक्षकांनी एकाही संघाला करंडक दिला नाही; म्हणे दर्जा नव्हता. नका देऊ. माझा सवाल वेगळाच आहे. स्पर्धा कॉलेजांची. बारावीला गळालेला, गॅरेजात राबणारा, पार्सलं पोचवणारा पोरगा तिच्यात शिरणार कुठून? आईबरोबर धुण्याभांड्याला जाणारी पोरगी कुठल्या दारानं येणार? ज्याच्या हलगीवर अख्खी वस्ती नाचते, त्याला कलावंत म्हणायला या शहराची जीभ रेटत नाही. कॉलेजात पोचलेल्याचीही तीच गत. मी पाहिलंय, 'आधी भाषा सुधार' म्हणून त्याला पडदा ओढायला उभं करतात. त्याची भाषा ही त्याची भाकर आहे, तीच काढून घेतल्यावर तो मंचावर बोलणार काय?

आणि कुणाला न विचारता बोलायला लागलं तर काय होतं? २००२ च्या गुजरात दंगलींनंतर पुण्यातल्या पोरापोरींनी कबीर कला मंच उभा केला. कासेवाडीची शीतल साठे त्यातूनच पुढं आली. २०११ पासून अटकसत्र सुरू झालं. सचिन माळी, सागर गोरखे, रमेश गायचोर यांना जामीन मिळाला तो जानेवारी २०१७ मध्ये, थेट सुप्रीम कोर्टातून. सप्टेंबर २०२० मध्ये एल्गार परिषदेच्या प्रकरणात गोरखे, गायचोर पुन्हा आत, सोबत ज्योती जगताप. खटला उभा राहण्याआधीच ऐन जवानीची वर्षं गजाआड गेली.

हे लोण आता विद्यापीठातही पोचलंय. २ फेब्रुवारी २०२४ ला ललित कला केंद्रात रामलीलेतल्या नटांच्या पडद्यामागच्या आयुष्यावरचं विद्यार्थ्यांचं नाटक अभाविपच्या लोकांनी बंद पाडलं. पोलिसांनी अटक केली ती विभागप्रमुखांना आणि पाच विद्यार्थ्यांना! त्यांना लगेच जामीन मिळाला, बरं झालं. पण परिसंवादवाल्यांनो, कबीर कला मंचाच्या वेळी तुम्ही कुठं होता?

असो. त्यांच्या दारात मला रडायचं नाही. भीमराव कर्डकांनी जलसा उभा केला तो नाट्यगृहाचं भाडं भरून नव्हे. अण्णाभाऊंना कुठल्या नाट्यशाळेनं प्रमाणपत्र दिलं होतं? २०१२ साली 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' घेऊन जालन्याकडची शेतकऱ्यांची पोरं आली आणि आपल्याच बोलीत बोलून शहरातली थिएटरं भरवून गेली. त्यांच्यामागं वर्षानुवर्षांची तालीम होती.

आपल्याकडं नेमकी तिथंच बोंब आहे. समाजमंदिर जयंतीला उघडतं, लग्नाला उघडतं. बाकी वर्षभर कुलूप. किल्ली कुठल्यातरी भाऊच्या, दादाच्या खिशात. महापालिकेच्या शाळा संध्याकाळी ओस पडतात. आणि आपली मंडळं? डॉल्बीच्या भिंतीला पैसा आहे, पोरांच्या तालमीला दिव्याचं बिल भरायला नाही. भटशाहीला शिव्या घालून हे कुलूप निघत नाही, मित्रांनो. ते आपल्याच माणसाकडून काढून घ्यावं लागतं.

म्हणून सरळ सांगतो. वस्तीतल्या समाजमंदिराची किल्ली मागा, रोज रात्री दोन तास. वर्गणीतला ठराविक हिस्सा तालमीसाठी मीटिंगमध्ये लिहून घ्या. पोरींना घरी सोडायची जबाबदारी मंडळानं घ्यावी, नाहीतर पोरी येणार नाहीत आणि पोरं मिशा काढून बायका रंगवत बसतील. ११ एप्रिलला जोतीरावांची जयंती, १४ एप्रिलला बाबासाहेबांची. मधल्या एका रात्री डॉल्बी बंद ठेवा आणि 'तृतीय रत्न' चौकात उभं करा. विदूषकाच्या कामासाठी पोरं शोधायला आजच लागा.