मुहूर्त, सोय आणि सिझेरियन

सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज येथील मध्यमवर्गीय घरांत बाळाच्या आगमनाची वार्ता आली की पहिला प्रश्न ‘मुलगा की मुलगी?’ हा असतो आणि दुसरा, ‘नॉर्मल की सीझर?’ उत्तर ‘सीझर’ असे आले तरी कोणी चमकत नाही. एका पिढीपूर्वी तोच शब्द ऐकून वडीलधाऱ्यांच्या काळजात धस्स होत असे. शस्त्रक्रिया निर्धोक होत गेली, हे स्वागतार्हच. परंतु निर्धोक झाली म्हणून सोयीची झाली आणि सोयीची झाली म्हणून सर्रास झाली, ही पुढची वाटचाल तपासून पाहावयास हवी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ साली देशातील शंभरापैकी साडेआठ प्रसूती शस्त्रक्रियेने होत. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण साडेएकवीसवर गेले. महाराष्ट्रात ते पंचवीसच्या पुढे आहे. खरी मेख पुढेच आहे. त्याच सर्वेक्षणात देशातील सरकारी रुग्णालयांतले प्रमाण १४.३ टक्के, तर खासगी रुग्णालयांतले ४७.४ टक्के आढळले. अवघड रुग्ण सरकारी रुग्णालयांतही जातातच, किंबहुना शेवटच्या घटकेला तिकडेच पाठविले जातात. मग खासगी दवाखान्याच्या पायऱ्या चढताच स्त्रीची शरीररचना बदलते काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, एखाद्या समाजात हे प्रमाण दहा टक्क्यांपलीकडे गेल्यावर माता व नवजात बालकांचे मृत्यू त्यामुळे आणखी घटल्याचे दिसत नाही.

मूल आडवे असेल, वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, कळा चालू असूनही मार्ग अडला असेल किंवा बाळाचे ठोके ढासळत असतील, तर शस्त्रक्रियेला पर्याय नाही. तेथे ‘आमच्या आजीची दहा बाळंतपणे घरीच झाली’ हा अभिमान कामाचा नाही. त्या दहांतली किती जगली, हेही आजीला विचारावे. महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे २००७-०९ मध्ये १०४ माता दगावत, २०१८-२० मध्ये ३३. ही घट रुग्णालयातील प्रसूतीवाचून झाली नसती.

मात्र कारणाविना केलेल्या शस्त्रक्रियेची किंमत मातेला मोजावी लागते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, रक्ताच्या गुठळ्या हे धोके वाढतात. पुढच्या गरोदरपणात वार जुन्या व्रणात रुतून बसण्याची भीती असते आणि प्रत्येक शस्त्रक्रियेगणिक ती वाढत जाते. एकोणचाळीस आठवडे भरण्यापूर्वी बाहेर काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याचा संभव अधिक असतो. आईचे पहिले दूधही अनेकदा लांबते.

दोष केवळ डॉक्टरांच्या माथी मारणे सोपे आहे, न्याय्य नाही. लहान प्रसूतिगृहात एकच प्रसूतितज्ज्ञ असतो, भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावा लागतो आणि काही बरेवाईट घडले तर नातलगांचा जमाव दाराशी येतो. बारा-चौदा तास कळांची वाट पाहण्यापेक्षा तासाभराची शस्त्रक्रिया अशा वेळी जवळची वाटते, तिचे शुल्कही अधिक असते. त्यात ‘तिला कळा सोसणार नाहीत’ असे सांगणारे माहेर असतेच.

आणि मुहूर्त. अयोध्येत श्रीरामलल्लांची प्राणप्रतिष्ठा झाली त्या २२ जानेवारी २०२४ या दिवशीच बाळ जन्मावे, अशी मागणी कानपूर येथे व अन्यत्रही अनेक गर्भवतींनी केल्याची वृत्ते आली होती. त्यामागची श्रद्धा समजण्यासारखी आहे. परंतु गर्भाची फुप्फुसे पंचांग पाहून पिकत नाहीत. ज्योतिष मानणाऱ्यांनी तरी एवढा विचार करावा : पत्रिका आलेल्या जन्मवेळेवरून मांडावयाची असते. आधी पत्रिका ठरवून मग जन्म उरकणे, हे कोणत्या शास्त्रात बसते?

आपल्या परंपरेचा दाखला हवाच असेल तर तो सुश्रुताचा घ्यावा. मूढगर्भाची, म्हणजे अडलेल्या गर्भाची, चिकित्सा सांगताना हे कर्म अत्यंत कठीण असल्याचे तो बजावतो आणि अधिपतीची अनुमती घेऊन, पराकाष्ठेच्या काळजीने ते करावे, असे सांगतो. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियात पदवीसाठी प्रबंध लिहिला, तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच. त्यांचे स्वतःचे मूल अवघ्या दहा दिवसांत गेले होते.

आज ती अनुमती बहुधा छापील कागदावर, धावपळीत, पतीच्या सहीने घेतली जाते. सातव्या-आठव्या महिन्यातच गर्भवतीने स्वतः डॉक्टरांना विचारावे : शस्त्रक्रिया लागलीच तर कशासाठी, थांबल्यास धोका कोणता? नाळेचा वेढा गळ्याभोवती आहे, एवढेच कारण पुरेसे नसते. पहिले सीझर म्हणजे दुसरेही सीझरच, असेही नाही; योग्य निवड आणि सुसज्ज रुग्णालय असेल तर अशा बहुसंख्य स्त्रियांची पुढची प्रसूती नैसर्गिक होऊ शकते. नीट उत्तर देणारे डॉक्टर या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. त्यांना प्रश्नांचा राग येत नाही.

याच दोन जिल्ह्यांत दुसरे टोकही आहे. मिरजेत रुग्णालयांची रांग आहे, पण जत-आटपाडीच्या वाडीवस्तीवरून तेथवर पोहोचणे हेच एक दिव्य. शिवसागर जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यातील गर्भवतीला कळा सुरू झाल्यावर आधी लाँच शोधावी लागते.  ऊसतोडीसाठी दरवर्षी मराठवाड्यातून येणाऱ्या स्त्रियांपैकी कित्येक जणी फडाशेजारच्या कोपीतच बाळंत होतात. २०११ पासून सरकारी रुग्णालयात सिझेरियन, रक्त, औषधे व वाहन हे सारे विनामूल्य मिळण्याचा त्यांना हक्क आहे. तो त्यांच्या कानावर घालणार कोण? साखर कारखान्यांकडे प्रत्येक टोळीची व बैलगाडीची नोंद असते. गळीत हंगाम सुरू होताना त्याच वहीत गर्भवतींची नावे व त्यांचे महिने लिहून ती यादी जवळच्या आरोग्य केंद्रात पोहोचविणे, हे एका कारकुनाचे दोन दिवसांचे काम आहे.