सेफ्टी व्हॉल्व्हचा आकडा आपलाही आहे

मागणीपत्रात महागाई भत्ता असतो, बोनस असतो, कंत्राटी कामगारांना कायम करण्याची मागणी असते, आणि ती असलीच पाहिजे. पण खात्यातल्या पाइपलाइनीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह किती किलोला सुटतो, हा प्रश्न मागणीपत्रात क्वचितच येतो. ते काम इंजिनीयरांचे, असे आपणही धरून चालतो. व्हॉल्व्हशेजारी मात्र फिटर उभा असतो, आणि हल्ली बहुधा ठेकेदाराचा हेल्पर.

हिशेब अवघड नाही. कापड प्रक्रियेच्या एखाद्या कारखान्यात बॉयलर १० किलोवर चालतो असे धरा. कापड सुकवणाऱ्या सिलिंडरांना ३ किलो वाफ पुरते, म्हणून मध्ये रिड्युसिंग व्हॉल्व्ह बसवतात. त्यापुढचे सिलिंडर आणि जोड ३.५ किलोचेच घेतात, कारण ते स्वस्त पडतात. रिड्युसिंग व्हॉल्व्हच्या सीटवर कचरा अडकून तो उघडा राहिला, की वरचा दाब खाली उतरू लागतो. अशा वेळी पुढचे सारे सामान १० किलोला टिकणारे हवे. नाहीतर पुढे असा सेफ्टी व्हॉल्व्ह हवा, की जो सर्वांत दुबळ्या भागाच्या डिझाइन प्रेशरच्या वर न जाता सुटेल. पाइप जाड आहे म्हणून आकडा वाढवता येत नाही. तो सिलिंडरावरून ठरतो. शिवाय वरून येऊ शकेल तेवढी सगळी वाफ बाहेर टाकण्याइतके त्याचे तोंड मोठे हवे. तोंड लहान असेल, तर व्हॉल्व्ह सुटूनही दाब चढतच राहतो.

खरी मेख पुढे आहे. चालू दाब व्हॉल्व्हच्या आकड्यापेक्षा साधारण एक दशांशाने तरी खाली ठेवावा लागतो. उत्पादन वाढवण्यासाठी तो वर नेला, की व्हॉल्व्ह फुसफुसू लागतो, वाफ वाया जाते, आणि हुकूम येतो: 'स्प्रिंग आवळ.' स्प्रिंग आवळली तरी पट्टीवरचा आकडा तोच राहतो! काही ठिकाणी तर व्हॉल्व्हखालीच स्टॉप व्हॉल्व्ह असतो आणि तो बंद करून मोकळे होतात. उद्या काही फुटले, तर चौकशीत 'कामगाराची चूक' असे लिहायला जागा तयार असते.

कायदा काय म्हणतो? बॉयलर कायद्यात नेहमीच्या व्यासाची पाइप ३.५ किलोपेक्षा जास्त दाबाची वाफ नेत असेल तरच 'स्टीम पाइप' ठरते. म्हणजे आपल्या उदाहरणात बॉयलर निरीक्षकाची हद्द रिड्युसिंग व्हॉल्व्हपाशी संपते, आणि दुबळे सामान सुरू होते तेही तिथूनच. १९२३ चा कायदा जाऊन २०२५ चा आला, ही रेघ राहिली. सुरक्षित दाब ओलांडला जाऊ नये अशी तजवीज करणे, ही जबाबदारी १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम ३१ ने व्यवस्थापनावर टाकली होती. सुरक्षेची माहिती मागण्याचा कामगाराचा हक्क २०२० च्या संहितेतही लिहिलेला आहे. तो वापरायचा कोणी?

व्हॉल्व्ह सुटल्यावर बाहेर पडलेले कुठे जाते, हेही विचारावे लागेल. भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री टाकी क्रमांक ६१० चा, ४० पौंडांना लावलेला व्हॉल्व्ह सुटला. टाकी फुटली नाही. पण वायू धुऊन काढणारी यंत्रणा त्या लोंढ्यापुढे टिकणारी नव्हती, आणि तो जाळणाऱ्या फ्लेअरच्या नळीचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. वायू वस्त्यांवर गेला.

संलग्न संघटनांनी खात्यातल्या प्रत्येक व्हॉल्व्हची यादी लेखी मागावी: आकडा किती, तो कोणत्या भागावरून ठरवला, शेवटची चाचणी कधी झाली, शिशाचे सील शाबूत आहे काय, तोंड कोणत्या दिशेला आहे. लेखी हुकमाशिवाय एकाही कामगाराने स्प्रिंगला पाना लावू नये. ठेकेदाराच्या माणसालाही हे त्याच्या भाषेत सांगावे. पुष्कळ कारखान्यांत तो बिहार-ओडिशाकडचा असतो.