वस्तीवर टीव्ही घ्यायचा तर छत्री का केबल?



गावरान कांद्याला काल दुसरं पाणी दिलं. करपा अजून दिसत नाही, पण सकाळचं धुकं असंच राहिलं तर पुढच्या आठवड्यात फवारणी काढावी लागेल. शेतातलं आज एवढंच. बाकी घरातल्या विषयावर लिहितो. महिनाभरात तिघाचौघांनी फोन करून एकच विचारलं, वस्तीवर नवीन घर बांधलंय, टीव्हीला छत्री बसवू का गावातून केबल ओढू? प्रत्येकाला अर्धा अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच लिहिलेलं बरं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गावठाणात घर असेल आणि केबलवाला हाकेच्या अंतरावर असेल तर केबल घ्या, काही वाईट नाही. वस्तीवर राहत असाल तर छत्रीच, आणि तीही आधी दूरदर्शनची फ्री डिश. कारण साधं आहे. आपला पैसा वर्षातून दोनदा येतो, कांद्याला एकदा आणि मूग-वाटाण्याला एकदा. टीव्हीचं बिल मात्र दर महिन्याला येतं. नोकरदाराला ते जमतं, पगार एक तारखेला होतो. आपण त्याचं बघून रिचार्ज घेतो आणि मग फसतो.

मी तिन्ही प्रकार करून बसलोय म्हणून बोलतोय.

आमची वस्ती सुप्याच्या गावठाणापासून दोन किलोमीटर आत. पहिल्यांदा आम्ही चार घरांनी मिळून केबलची वायर ओढली. बाभळीला बांध, लाईटच्या खांबाला बांध, असं करत आणली. पहिलं वर्ष बरं गेलं. नंतर कडब्याची ट्रॉली खालून गेली की वायर तुटायची. वळवाच्या वादळात फांदी पडली की तुटायची. एकदा तर पाइपलाइनच्या जेसीबीनं ओढूनच नेली. केबलवाल्याला फोन केला की "सोमवारी येतो" म्हणायचा. कोणता सोमवार ते सांगायचा नाही. त्यालाही दोष देत नाही, चार घरांसाठी दोन किलोमीटर वायर सांभाळणं कुणालाच परवडत नाही. शिवाय मधल्या ॲम्प्लिफायरला लाईट लागते. आपल्याकडं लाईट असली आणि तिकडची गेली तरी टीव्हीवर मुंग्याच.

काही जण म्हणतात, केबल पावसात जात नाही, डिश जाते. खरंय, पण त्याचं कारण समजून घ्या. केबलवाल्याचं चित्रसुद्धा उपग्रहावरूनच येतं. त्याच्या गच्चीवर त्या मोठमोठ्या छत्र्या असतात ना, त्या बहुतेक सी बँडच्या. त्यातली लहर साडेसात सेंटिमीटरच्या आसपास लांब. आपल्या घरच्या छोट्या छत्रीची केयू बँडची लहर अडीच सेंटिमीटरच्या आसपास. लहर जितकी आखूड तितकी पावसाच्या थेंबात जास्त अडकते, म्हणून जोराच्या सरीत आपलं चित्र थांबतं. उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर, आणि सिग्नल अडतो तो शेवटच्या पाच-सहा किलोमीटरच्या ढगात. सर ओसरली की दहा-पंधरा मिनिटांत परत येतो. आता आपल्या पारनेर तालुक्यात तसा पाऊस वर्षातून किती दिवस पडतो हो? तो पडला तर मी टीव्ही बंद करून ओट्यावर येऊन बघत बसेन. हां, गारपिटीच्या बातमीची वेळ आणि सिग्नल जायची वेळ एकच असते, हे मान्य. त्यासाठी सेलवरचा रेडिओ ठेवलाय.

केबलनंतर खासगी कंपनीची डिश घेतली. चित्र झकास, चॅनल भरपूर. पण हिशेब बघा. २०१९ च्या फेब्रुवारीपासून ट्रायचा नवा नियम आला. नुसतं कनेक्शन चालू ठेवायचे १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. पैशाची चॅनल वेगळी. २०२४ मध्ये ती १३० ची मर्यादाही काढली, आता कंपनी स्वतःचा आकडा स्वतः ठरवते. दुकानदार पॅकचं नाव सांगतो, आत काय आहे ते सांगत नाही. आमच्या पॅकमध्ये तमिळ आणि बंगाली चॅनल होती. आमच्या घरात बंगाली कुणाला येतंय?

तरी दोन-तीन वर्षं चाललं. मग ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी झाली. तेव्हा काय झालं ते मी सांगायला नको, तुमच्याही घरी झालंय. घरखर्चातली एकेक गोष्ट बंद करत आणली, त्यात टीव्हीचा रिचार्ज पहिला. आईनं विचारलं, "टीव्ही बिघडला का रे?" मी म्हणालो, "हो, बिघडलाय. माणूस बोलावलाय."

आई पंच्याहत्तरीच्या पुढची. गुडघे गेलेत, शेतात जाता येत नाही. आम्ही दोघं दिवसभर रानात, पोरगा एमआयडीसीत शिफ्टला. दिवसभर घरात तिच्याशी बोलणारं कोण? तो टीव्हीच. आणि मी तिला अडीच महिने सांगत राहिलो, माणूस येणार आहे. तिला कळलं असणार. एकदाही म्हणाली नाही.

मार्चमध्ये फ्री डिश बसवली. छत्री, एलएनबी, डबा, वायर, सगळं अठराशे रुपयांत बसलं. ही दूरदर्शनची सेवा, डिसेंबर २००४ ला सुरू झाली, तेव्हा नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही, म्हणजे कांद्याला भाव नसला तरी टीव्ही चालू राहतो. सह्याद्री आहे, बातम्या आहेत, पिक्चर आहेत. क्रिकेटवाल्यांसाठी एक गोष्ट. भारताचे महत्त्वाचे सामने दूरदर्शनला द्यावेच लागतात असा कायदा आहे. पण ते चित्र दूरदर्शननं स्वतःच्या अँटेनावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं, केबल आणि खासगी डिशवर नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०१७ ला सांगितलं. म्हणून शेजाऱ्याच्या महागड्या डिशवर डीडी स्पोर्ट्सला दुसरंच काहीतरी चाललेलं असतं आणि आपल्याकडं मॅच.

डीडी किसानबद्दल पण सांगतो, कारण कृषी सहायक साहेब लोक हे वाचतात. चॅनल २०१५ च्या २६ मे पासून आहे. चांगलं आहे, पण हिंदीत आणि बरंचसं उत्तरेकडचं. २०२४ ला त्यावर कॉम्प्युटरनं बनवलेले दोन निवेदक आणले. मी बघितले. बोलतात छान, पायाला चिखल नाही. आमच्या पिढीनं 'आमची माती आमची माणसं' बघितलंय, पत्र्यावर चढून अँटेना फिरवून, त्यामुळं आमची अपेक्षा जरा जास्त असेल.

आता फ्री डिशची दुसरी बाजू. तिथली खासगी चॅनल लिलावात जागा घेतात. परवडलं तर राहतात, नाही तर जातात. हिंदीतली चार मोठी चॅनल २०१९ ला निघून गेली, २०२० ला आली, २०२२ च्या एप्रिलला परत गेली. आज दिसतंय ते पुढच्या वर्षी दिसेल याची खात्री धरू नका. आणि आई बघते ती मराठी मालिका तिथं नव्हती.

हे मी आधी बघितलंच नव्हतं. घरात सगळ्यात जास्त टीव्ही कोण बघतं, आई. आणि ठरवलं कुणी, मी. आपल्याकडं असंच होतं. मोटार कोणती, बियाणं कोणतं, तसाच टीव्हीही गडीच ठरवतो, आणि वर मालिका बघणाऱ्या बायांना हसतो. आईनं तक्रार केली नाही. ती रात्री आठला काठी टेकत शेजारच्या वस्तीवर जायला लागली. मधे दीडशे पावलांची पांद, दोन्ही बाजूंनी घासगवत. आपल्या भागात बिबट्या किती वाढलाय ते तुम्हाला माहीत आहे. त्याच पांदीत त्या उन्हाळ्यात शेजाऱ्याचं कुत्रं गेलं. सकाळी फक्त पट्टा सापडला. त्या दिवशी मी हिशेबाची वही बाजूला ठेवली.

आता आमच्या पत्र्यावर दोन छत्र्या आहेत. फ्री डिश सगळ्यांसाठी. आणि जुन्या खासगी डिशवर पॅक काढून टाकला, आईचं एकच चॅनल घेतलं. तसं घेता येतं, दुकानदार नाही म्हणाला तरी येतं, कंपनीच्या नंबरवर फोन करून सांगा. १५३ रुपये ४० पैसे आणि १९ रुपयांच्या चॅनलचे जीएसटीसकट २२ रुपये ४२ पैसे, महिन्याला १७६ च्या आत. वर्षाचे २,११० रुपये. ते कांद्याची पट्टी आली की एकदम भरून टाकतो, खताच्या उधारीच्या आधी. बारा महिने मग त्या विषयावर बोलायचं नाही. तुम्ही भराल तेव्हा आजचा दर विचारून घ्या.

पोरगा म्हणतो, "दादा, आता डिशबिश कशाला, फायबर घेऊ, टीव्ही-नेट सगळं एकात." गावठाणात असतो तर घेतलं असतं. पण फायबर म्हणजे पण वायरच, आणि त्या वायरला पण तीच कडब्याची ट्रॉली आडवी येणार. शिवाय आईला रिमोटवरची दोन बटणं येतात. तिसरं शिकवायला गेलो तर रागावते.

फ्री डिश घेणार असाल तर डबा एमपीईजी-४ चा घ्या, जुन्या डब्यावर काही चॅनल येत नाहीत. बारा व्होल्टचा असेल तर आणखी बरं, फवारणी पंपाच्या बॅटरीवर डबा चालतो. टीव्हीचं मात्र वेगळं बघावं लागेल. आणि छत्री लावण्याआधी आग्नेयेकडं तोंड करून उभं राहा. उपग्रह त्याच बाजूला, मान बरीच वर करून बघावं लागतं. तिकडं झाड आहे का, कडब्याची गंज लावता का, ते बघा. आमच्या मंडळींनी नेमका तिथंच शेवगा लावला. दोन वर्षांत पत्र्याच्या वर गेला, आणि पानं ओली झाली की आईची मालिका अडकते. शेंगा धरल्यात म्हणून तोडू देत नाहीत. शेंगा उतरल्या की वरचा शेंडा छाटायचा, असं ठरलंय.