हसायचे ते कुणाला?

२०२५ च्या जुलैत तीन दिवसांच्या अंतराने विनोदाचे दोन जुने फड पुन्हा उभे राहिले. २३ तारखेला अमेरिकेत ‘साऊथ पार्क’ या प्रौढांसाठीच्या व्यंगचित्र मालिकेचे सत्ताविसावे पर्व सुरू झाले. २६ तारखेला झी मराठीवर ‘चला हवा येऊ द्या’ परतले. पहिलीचे नाव आमच्या आर्णीत थोड्यांनाच ठाऊक, दुसऱ्याची ओळख घरोघर. पण दोन्हींकडून अपेक्षा एकच: पुन्हा पहिल्यासारखी मजा यावी. ही पहिल्यासारखी मजा म्हणजे नेमके काय?

‘साऊथ पार्क’ १९९७ चे. ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांनी त्याचा पहिला भाग रंगीत कागद कातरून केला होता. पुढे संगणक आला, पैसाही आला. २०२५ च्या जुलैत त्यांच्या मालक कंपनीने, पॅरामाउंटने, ट्रम्प यांनी गुदरलेला दावा १ कोटी ६० लाख डॉलर मोजून मिटवला. त्याच महिन्यात कंपनीने या दोघांशी नवा मोठा करार केला. आणि त्यांनी नव्या पर्वाच्या पहिल्याच भागात ट्रम्प यांच्यासह त्या तडजोडीचीही रेवडी उडवली. कागदाची कातरणे परत आली नाहीत. परत आली ती खोड, ज्याचे मीठ खायचे त्याच्याच अळणीपणावर बोट ठेवण्याची.

ही खोड आपल्याला परकी नाही. तमाशातला किंवा आमच्या विदर्भाच्या खडी गंमतीतला सोंगाड्या पाटलाच्याच सुपारीवर उभा राहून पाटलाची फिरकी घेई, आणि पहिल्या रांगेतल्या पाटलाला चारचौघांत हसावे लागे.

२०१४ च्या मार्चमध्ये आमच्या तालुक्यातल्या दाभडीला नरेंद्र मोदींची ‘चाय पे चर्चा’ झाली. विषय शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा. तालुक्याचे नाव देशभर गेले ते आसवांमुळे. त्याच वर्षी ऑगस्टात ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झाले, आणि थुकरटवाडीत भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी ऐकू आली. रडणारा नव्हे, ठसक्यात उलट बोलणारा वऱ्हाडी माणूस! आम्हाला त्याचे अप्रूप वाटले ते उगीच नव्हे.

पुढे काय झाले? नव्या सिनेमाची जाहिरात तिथे पहिल्यापासून होती. पण हळूहळू पाहुण्याला न दुखावणे हाच विनोदाचा नियम होऊन बसला. मग हसायला उरले काय? सोबत्याची अंगकाठी, साडी नेसलेला पुरुष आणि बोलीचा हेल. मार्च २०२४ मध्ये कार्यक्रम थांबला, तेव्हा हळहळ वाटली. आश्चर्य मात्र वाटले नाही.

कुणी म्हणेल, दिवसभर राबून आलेल्या माणसाला घटकाभर हसू द्या, त्यात राजकारण कशाला? शिवाय सत्तेला हसणाऱ्याच्या मागे आपल्याकडे पोलीसठाणे आणि जमाव दोन्ही लागतात. खरे आहे. पण त्यासाठी दिल्लीपर्यंत जायला नको. कापसाचा काटा आहे, पीकविम्याचा अर्ज आहे, तलाठ्याची रिकामी खुर्ची आहे. राबणाऱ्याला दिवसभर छळते ते हेच, आणि त्यावर हसता आले तर रात्रीची झोप लागते.

नव्या पर्वासाठी महाराष्ट्रभर फिरून नवे विनोदवीर निवडले गेले, ही त्यातली खरी आशा. उद्या आर्णीचा एखादा पोरगा त्या मंचावर उभा राहून म्हणेल, ‘काहून बे?’ त्याच्या हेलाला लोक हसले, तर परतले ते फक्त नाव. तो ज्याला विचारतो आहे त्याला हसले, तर जुना खेळ परतला म्हणायचे.

आणि तो पोरगा उद्या आपल्याकडेच वळून ‘काहून बे?’ म्हणाला तर? पहिल्या रांगेत बसून हसण्याइतके त्या पाटलाचे मन आपल्यापाशी आहे का, हेही एकदा तपासून पाहिलेले बरे.