सिंधुबंदीची बेडी अजून तुटलेली नाही

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतील ज्या सात स्वदेशी बेड्या मोजून दाखविल्या, त्यांतील एक सिंधुबंदीची. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, या समजुतीवर त्यांनी घणाघाती प्रहार केले. आज परदेशगमनाचे प्रायश्चित्त कोणी घेत नाही. उलट मुलाचा व्हिसा मंजूर झाला की गल्लीत पेढे वाटले जातात. त्यामुळे ही बेडी तुटली, असे मानून समाज निर्धास्त झाला आहे. परंतु विमानात बसून समुद्र ओलांडणे वेगळे आणि समुद्र आपला मानणे वेगळे. पहिली गोष्ट मराठी मध्यमवर्गाला उत्तम साधली. दुसरी अद्याप साधलेली नाही.

यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकीचे उदाहरण घ्यावे. कापूस, सोयाबीन आणि हळदीच्या पट्ट्यातील हे बाजाराचे गाव. पूर्वेकडे जा वा पश्चिमेकडे, समुद्र सरळ रेषेत सुमारे पाचशे किलोमीटर दूर. बारावी विज्ञानानंतर येथील मुलापुढे ठरलेल्या वाटा असतात. नांदेड-लातूरची शिकवणी, पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका, नाही तर पहाटे सडकेवर धावून पोलीस भरतीची तयारी. अशा मुलाने एके दिवशी घरी सांगितले, की आपल्याला पाणबुड्या व्हायचे आहे, जहाजावर जायचे आहे किंवा समुद्रविज्ञान शिकायचे आहे, तर काय होईल? "ढाणकी कुठे, समुद्र कुठे!" या एका वाक्यात घरचे विषय संपवतील. हे वाक्य विनोदाने उच्चारले जाते, पण त्याने पिढ्यान्‌पिढ्यांचे नुकसान केले आहे. म्हणून त्याचा समाचार घेणे आवश्यक आहे.

समुद्र दूर नाही

मुळात हे वाक्य भूगोलाला धरून नाही. ढाणकीच्या शिवारात पडणारा पाऊस समुद्रावरून येतो आणि शिवारात न मुरलेले पाणी पैनगंगेतून वर्धेला, वर्धेतून प्राणहितेला, तेथून गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात जाते. शेतकरी पिकाला जे पोटॅश घालतो, त्यासाठी देशाला आयातीवरच अवलंबून राहावे लागते आणि ते जहाजाने येते. स्वयंपाकघरातील पामतेल जहाजाने येते. वजनाने मोजला तर भारताचा सुमारे ९५ टक्के परराष्ट्र व्यापार समुद्रमार्गे चालतो. २०२३ च्या अखेरीस हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा मालवाहू जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला आणि भाडे वाढले. अशा वाढीव भाड्याचा भार शेवटी खताच्या गोणीवर आणि कापसाच्या गाठीवर पडतो. सागरी सुरक्षा हा केवळ मुंबईकरांचा विषय नाही, हे समजण्यास एवढे पुरे.

किनाऱ्यावर जन्मल्याशिवाय समुद्र कळत नाही, हा युक्तिवादही असाच पोकळ. भारताचे सागरी नकाशे तयार करणारे राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय कोठे आहे? हिमालयाच्या पायथ्याशी, डेहराडूनला! सुनामीचा इशारा देणारी आणि मच्छीमारांना मासळी कोठे सापडेल हे कळविणारी 'इन्कॉइस' ही संस्था हैदराबादला आहे. म्हणजे ढाणकीला ती मुंबईपेक्षा पुष्कळ जवळची. नागपूरला जन्मलेल्या डॉ. अदिती पंत यांनी समुद्रविज्ञान हा जीवनविषय निवडला, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत संशोधन केले आणि १९८३ च्या मोहिमेत डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह अंटार्क्टिकावर जाणाऱ्या पहिल्या भारतीय महिला होण्याचा मान मिळविला. विदर्भाच्या किती शाळांत त्यांचे छायाचित्र लावलेले आहे?

विस्मरणाची किंमत

समुद्राकडे पाठ फिरविण्याची किंमत या भूमीने पूर्वीही मोजली आहे. छत्रपती शिवरायांनी शून्यातून आरमार उभे केले, १६६४ मध्ये सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमाराला स्वतंत्र प्रकरण दिले. कान्होजी आंग्रे यांनी युरोपीय सत्तांना मराठी पाण्यात परवान्याशिवाय फिरणे अवघड केले. आणि १७५६ मध्ये काय झाले? तुळाजी आंग्रे यांचा काटा काढण्यासाठी पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि विजयदुर्गाच्या बंदरात मराठी आरमार जळून खाक झाले. घरचे भांडण मिटविण्यासाठी किनाऱ्याचे कवच परक्याच्या हातून फोडून घेण्याचा हा आत्मघात होता. शिवजयंतीच्या मिरवणुकीत गलबताचा देखावा उभा करताना हे पानही वाचले पाहिजे.

स्वतंत्र भारतात तरी शहाणपण आले काय? १९९३ मध्ये रायगडच्या शेखाडी आणि दिघीच्या किनाऱ्यांवर शस्त्रे आणि स्फोटके उतरली. लाच घेऊन वाट मोकळी करून देणारे पोलीस आणि सीमाशुल्क खात्याचे कर्मचारी न्यायालयात दोषी ठरले. १२ मार्चच्या स्फोटांत २५७ निरपराध माणसे प्राणास मुकली. पंधरा वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ ला, दहा दहशतवादी 'कुबेर' ही मच्छीमार नौका बळकावून पुन्हा समुद्रमार्गेच मुंबईत आले. त्यानंतर किनारी सुरक्षेची सर्वंकष जबाबदारी नौदलाकडे देण्यात आली, सागरी पोलीस ठाण्यांचा विस्तार झाला. तरीही २०११ च्या जुलै महिन्याअखेर 'पावित' नावाचे निर्मनुष्य तेलवाहू जहाज समुद्रावर वाहत वाहत थेट मुंबईच्या वेसावे-जुहू किनाऱ्याला लागले. तोवर त्याचा कोणाला पत्ता नव्हता! यंत्रे, नौका आणि कार्यालये पैशाने विकत घेता येतात. समुद्रावर डोळ्यांत तेल घालून बसणारी माणसे समाजाला घडवावी लागतात.

आपल्या दारात परक्यांचे हात

१४ ऑगस्ट २०१३ ला मुंबईच्या नौदल गोदीत 'सिंधुरक्षक' पाणबुडीत स्फोट होऊन अठरा नौसैनिकांना वीरमरण आले. चिखलाने गढूळ पाणी, आत वाकलेले पोलाद, हाताला हात दिसत नाही, अशा स्थितीत नौदलाच्या पाणबुड्या जवानांनी शोधकार्य केले. त्यांच्या शौर्याला तोड नाही. परंतु बुडालेली पाणबुडी वर काढण्याचे काम शेवटी अमेरिकेच्या रिझॉल्व्ह मरीन समूहाकडे सोपवावे लागले. ती २०१४ च्या जूनमध्ये वर आली. आपल्या बंदरात, आपली युद्धनौका, आणि काढणारे परके! मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्यानजीक 'एमएससी एल्सा ३' हे सहाशेहून अधिक कंटेनर घेऊन चाललेले जहाज बुडाले, तेव्हाही जहाजमालकांनी बचावकार्यासाठी प्रथम अमेरिकी कंपनीलाच पाचारण केले. ज्या देशाकडे वीस लाख चौरस किलोमीटरहून अधिक सागरी आर्थिक क्षेत्र आहे आणि नव्या मोजणीनुसार अकरा हजार किलोमीटरहून लांब किनारपट्टी आहे, त्याने प्रत्येक मोठ्या अपघातानंतर परदेशी दूरध्वनी क्रमांक फिरवावा, यात भूषण कोणते?

शासन अगदीच झोपलेले आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मार्च २०२४ मध्ये नौदलाने 'रुएन' या अपहृत जहाजावरील सतरा खलाशांना सोडवून पस्तीस सोमाली चाच्यांना मुंबईत आणले. विशाखापट्टणमला बांधलेली 'निस्तार' ही पाणबुड्यांना खोल पाण्यात उतरविणारी नौका जुलै २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन भारतीयांनी फ्रान्सच्या 'नॉटील' पाणबुडीतून अटलांटिक महासागरात डुबकी घेतली आणि त्यांपैकी एक पाच हजार मीटरहून खोल पोहोचला. सहा हजार मीटरपर्यंत तिघांना नेणाऱ्या 'मत्स्य ६०००' ची तयारी चेन्नईची राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था करीत आहे. प्रश्न असा, की ही नौका, ही पाणबुडी चालविणारी पुढची पिढी कोणत्या घरांतून येणार? द्वारकेच्या समुद्रातील अवशेषांचा अभिमान घराघरांत आहे. पण पाण्याखाली उतरून दगड तपासणारा पुरातत्त्वज्ञ आपल्या घरातून निघावा, असे किती पालकांना वाटते?

दुसरीही बेडी

येथे सावरकरांनी सांगितलेली आणखी एक बेडी आडवी येते, ती व्यवसायबंदीची. बुडी मारणे हे कोळ्यांचे, भोयांचे काम, ही भावना सुशिक्षितांच्या मनात खोल दडलेली आहे. पैनगंगेच्या डोहात किंवा सहस्रकुंडाच्या धबधब्याखाली कोणी बुडाले, की प्रथम नदीकाठच्या भोयाला हाक मारली जाते. तो श्वास रोखून तळ चाचपतो आणि प्रेत आईबापांच्या स्वाधीन करतो. त्याच्या हाती उपकरण नाही, गाठीशी प्रमाणपत्र नाही, मागे विमा नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या नागपूर आणि धुळ्याला. त्या पोहोचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. पिढीजात कौशल्य असलेल्या त्या भोयाच्या मुलाला शास्त्रशुद्ध शिक्षण द्यावे आणि शास्त्र शिकलेल्या वकील-शिक्षकाच्या मुलाने पाण्यात उतरावे, या दोन्ही गोष्टी घडल्या तरच ही बेडी तुटेल.

कारण पाणबुडेपणा हे आज केवळ छातीचे काम राहिलेले नाही. दर दहा मीटर खोलीला शरीरावरील दाब एका वातावरणाने वाढतो. घाईने वर आल्यास रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन माणूस अपंग होतो वा दगावतो. अधिक खोलीवर हेलियममिश्रित हवा लागते. तेलविहिरींच्या नळांची दुरुस्ती, पुलांच्या खांबांची आणि धरणांच्या दरवाजांची तपासणी, जहाजांची पाहणी ही सारी कामे असेच प्रशिक्षित हात करतात. समुद्रविज्ञानाच्या सल्लागारांची गरज तर वाढतच जाणार आहे. पालघरच्या वाढवण बंदराला २०२४ मध्ये ७६,२२० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. गाळ कोठे साचेल, प्रवाह कसे वळतील, मासळीचे काय होईल, हे स्थानिक मच्छीमारांचे प्रश्न घोषणांनी सुटणारे नाहीत. त्यांना प्रामाणिक शास्त्रीय उत्तर देणारे मराठी समुद्रशास्त्रज्ञ हवेत.

वाट आहे, चालणारे हवेत

वाटा नाहीत, ही सबब चालणार नाही. बारावीत भौतिक, रसायन आणि गणित या विषयांत साठ टक्के आणि दहावी वा बारावीच्या इंग्रजीत पन्नास टक्के गुण असले, की भारतीय सागरी विद्यापीठाच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून व्यापारी जहाजांचा मार्ग खुला होतो. नौकानयनाच्या शाखेसाठी नजर चष्म्याविना निर्दोष हवी, रंगांधळेपणा नको. नौदल आणि तटरक्षक दलाची भरती ढाणकीच्या मुलालाही तितकीच खुली आहे. सिंधुदुर्गात तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. नौदलाचे डायव्हिंग स्कूल कोचीला आहे.

मात्र अज्ञानाचा फायदा घेणारे लांडगेही याच वाटेवर बसलेले आहेत. 'जहाजावर नोकरी, डॉलरमध्ये पगार' असे सांगून लाखो रुपये उकळणारे दलाल समुद्र न पाहिलेल्या गावांतच सावज शोधतात. बाप शेत गहाण टाकतो आणि मुलाच्या हाती बनावट कागद येतो. नौवहन महासंचालनालयाचा परवाना नसलेल्या कोणत्याही भरती संस्थेला एक रुपयाही देऊ नये आणि परवाना क्रमांक स्वतः पडताळून पाहावा, ही सूचना गावोगावच्या फलकावर लागली पाहिजे. हे काम शासनाने करावे हे खरे. पण त्यासाठी शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही.

ढाणकीसारख्या गावांत कार्यकर्ते आहेत, शाळा आहेत, वाचनालये आहेत. निवृत्त नौसैनिकाचे एक व्याख्यान, प्रवेश परीक्षेचे एक मार्गदर्शन शिबिर, मुलामुलींसाठी पोहण्याचा एक वर्ग, याला कोणता निधी लागतो? २०२२ मध्ये नौदलाच्या ध्वजावरून इंग्रजांचा क्रॉस गेला आणि शिवरायांच्या राजमुद्रेपासून स्फुरलेली अष्टकोनी मुद्रा आली. ध्वज बदलला, हे योग्यच झाले. आता त्या ध्वजाखाली उभी राहणारी मुले पैनगंगेच्या काठावरूनही निघाली पाहिजेत. सिंधुबंदी कोणत्याही पोथीने आज लादलेली नाही. ती घराच्या उंबऱ्यावर, आईबापांच्या एका वाक्यात शिल्लक आहे. आणि ते वाक्य मागे घेणे त्यांच्याच हाती आहे.