माजी सैनिक आणि कायद्याचें दार

तुळजापूर तालुक्यांतील अणदूर हें गांव सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर वसलेलें असून खंडोबाचें स्थान म्हणून तें सर्वपरिचित आहे. अशा गांवचा तरुण फौजेंत निघाला म्हणजे आपण त्यास हार घालतों. तो सेवा पुरी करून परतला म्हणजे मिरवणूकही काढतों. परंतु पुढें त्याचें पेन्शन अडलें, अपंगत्वाचें वेतन नाकारलें गेलें, अथवा तो सरहद्दीवर असतां भाऊबंदांनीं त्याच्या शेताचा बांध कोरला, तर त्याची विचारपूस करावयास किती नागरिक जातात? हाराचीं फुलें सुकलीं कीं आमची कृतज्ञताही सुकते, असें खेदानें म्हणावें लागतें.

कायदे नाहींत असें नाहीं. रणसेवेसारख्या विशेष परिस्थितींत असलेल्या शिपायाविरुद्धचा दिवाणी दावा त्याच्या पाठीमागें उरकला जाऊं नये म्हणून १९२५ सालींच कायदा झाला. कलेक्टरास तशी खबर कोर्टाकडे देण्याचा अधिकार त्यांत दिलेला आहे. निवृत्तांच्या पेन्शनादि तक्रारींसाठीं २००७ च्या कायद्यान्वयें सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झालें व त्याचें एक पीठ मुंबईस आहे. पण तेथें अंतिम हुकुमापासून साधारणतः सहा महिन्यांच्या आंत जावें लागतें. उशिरास सबळ कारण दाखवावें लागतें.

उधारीचा दावा तीन वर्षांत न केल्यास बुडतो, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. सैनिकाची गतही फारशी निराळी नाहीं. तरसेम सिंग यांस १९८३ सालीं आजारामुळें फौजेंतून मुक्त केलें; अपंगत्वाच्या पेन्शनासाठीं ते १९९९ सालीं कोर्टांत गेले. सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं निवाडा देतांना मागील थकबाकी अर्जापूर्वींच्या तीन वर्षांपुरतीच मर्यादित केली. म्हणजे पेन्शनाचा हक्क राहिला, पण मधल्या अनेक वर्षांची रक्कम गेली. अज्ञानाचें व्याज तें एवढें!

२६ जुलै २०२५ रोजीं राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानें वीर परिवार सहायता योजना सुरू केली व सैनिक मंडळांच्या कचेऱ्यांतून मोफत कायदेशीर सल्ला देण्याचें योजिलें, ही गोष्ट अभिनंदनीय होय. वस्तुतः १९८७ च्या विधी सेवा कायद्यानें प्रत्येक स्त्रीस व अपंगास, मिळकत कितीही असो, मोफत वकिलाचा हक्क पूर्वींच दिलेला आहे. तो किती सैनिक-विधवांस ठाऊक आहे?

विधवांचा प्रश्न तर समाजाच्या लाजेचा आहे. शौर्यपदकाचा भत्ता पुनर्विवाहानंतर चालू राहावयाचा तर तिनें दिराशींच लग्न करावें, अशी अट सरकारी नियमांत २०१७ पर्यंत होती. ती सरकारनें काढिली. परंतु घराघरांतील तशी समजूत कोण काढणार? सुनेच्या पेन्शनावर सासरचा ताबा आणि तिच्या अंगठ्यावर दुसऱ्याचा हिशेब, हा प्रकार ज्या घरांत चालतो, तेथें सरकारी हुकूम एकटा काय करील?

कोणी म्हणतील, सैनिकांस ही विशेष मेहेरबानी कशास? आमचें उत्तर असें कीं, ही मेहेरबानी नव्हे, करार आहे. एका पक्षानें आपलें तारुण्य देऊन तो पाळला. दुसऱ्यानें कागद अडवून तो मोडूं नये.

म्हणून आमची सूचना साधी आहे. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण अधिकाऱ्यांनीं व विधी सेवा प्राधिकरणानें महिन्यांतून एक दिवस अणदुरासारख्या मोठ्या गांवीं बसावें. ग्रामपंचायतीनें जागा द्यावी व आपल्या हद्दींतील माजी सैनिक आणि विधवा यांची यादी ठेवावी. शिकलेल्या तरुणांनीं अर्ज लिहून द्यावे. यास पैसा थोडा लागतो, आस्था मात्र पुष्कळ लागते. म्हाताऱ्या शिपायानें धाराशिव व मुंबईच्या वाऱ्या कराव्या, त्यापेक्षां कायद्यानें एकदां अणदूरची वाट चालावी, हेंच न्याय्य होय.