बेसूर व्हायला जागा द्या!

सुरुवातीलाच कबूल करते. गेल्या सेमिस्टरला लेडीज होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावरून तीन दिवस पहाटे सहाला जो आवाज आला, तो म्हशीचा नव्हता. पाइपात अडकलेल्या हवेचाही नव्हता. तो माझ्या फ्रेंच हॉर्नचा होता. चौथ्या दिवशी 'खोलीत वाद्य वाजवू नये' अशी नोटीस लागली. तक्रार करणारीवर माझा राग नाही. तिची सबमिशन्स होती, आणि मी वाजवत होते ते खरंच वाईट होतं. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. आधी वाईट वाजवल्याशिवाय चांगलं वाजवायला शिकायचं तरी कसं?

आधी वाद्याची ओळख करून देते. फ्रेंच हॉर्न म्हणजे जिलेबीसारखी गुंडाळलेली पितळी नळी. उलगडली तर साधारण ३.७ मीटर भरेल. दिसायला साहेबी असला तरी तो आपल्या तुतारीचा चुलत भाऊच आहे. २०२४ च्या निवडणुकांपासून तुतारी चिन्ह म्हणून आपल्या जिल्ह्यात भिंतीभिंतीवर पोचली, पण तिच्यातून आवाज निघतो कसा हे किती जणांना माहीत आहे? दोन्हीकडे तत्त्व एकच. वादकाचे ओठ थरथरतात, नळीतली हवा त्यांना साथ देते आणि भोंग्यातून सूर बाहेर पडतो. नळीची लांबी ठरली की मोजकेच सूर निघतात: मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट. फिजिक्समधले हार्मोनिक्स ते हेच! मोझार्टने हॉर्नसाठी कॉन्चेर्तो लिहिले तेव्हा हॉर्नलाही व्हॉल्व्ह नव्हते. वादक उजवा हात भोंग्यात घालून मधले सूर काढायचे. १८१४ च्या सुमारास जर्मनीत व्हॉल्व्ह आले, हात मात्र अजून तिथेच आहे.

आता खरी गोची. हॉर्नची नळी ट्रम्पेटच्या सुमारे अडीच पट लांब असते. त्यामुळे तो वाजतो वरच्या हार्मोनिक्समध्ये, जिथे सूर एकमेकांना खेटून बसलेले असतात. आठव्या आणि नवव्या हार्मोनिकमध्ये जेमतेम एका स्वराचं अंतर. बोटं तीच, व्हॉल्व्ह तोच, पण ओठ केसभर सैल पडला की शेजारचा सूर! म्हणून मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांमधल्या हॉर्नवादकांचाही सूर कधीकधी फुटतो.

यावर इलाज एकच, रोजचा रियाज. एकच सूर दहा-बारा सेकंद हलू न देता धरायचा. मग व्हॉल्व्ह न दाबता नुसत्या ओठांनी खालून वर आणि वरून खाली जायचं. ओठ थकले की थांबायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी काहीच निघत नाही. थोडक्यात, परीक्षेच्या आदल्या रात्रीचा आपला फंडा इथे चालत नाही.

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आपण प्रत्येकाने फिटिंगचा जॉब बिघडवलाय. तो फायलिंगचा आवाज काही कानाला गोड नव्हता. पण तिथे कोणी नोटीस लावली नाही. कारण तिथे बिघडवायला जागा आहे, वेळ ठरलेली आहे आणि शेजारी उभं राहून 'फाइल अशी धर' सांगणारे सर आहेत. वाद्य शिकणाऱ्याला यातलं काहीच नाही. गॅदरिंगला मात्र आपल्याला तयार वादक पाहिजेत!

शिकवणार कोण, असं कोणी विचारेल. याबाबतीत आपला जिल्हा श्रीमंत आहे. अहिल्यानगरात, म्हणजे आपल्या नगरात, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे. लष्करी बँडवाल्यांना मध्य प्रदेशात पचमढीला रीतसर संगीताचं शिक्षण मिळतं. अशाच एका बँडमधून निवृत्त झालेले हवालदार आमच्या कॉन्व्हेंटच्या बँडला शिकवायला यायचे. मी बिगुल वाजवायचे. बारावीनंतरच्या सुट्टीत त्यांनी आपला जुना हॉर्न माझ्या हातात दिला. पहिले आठ दिवस फक्त माउथपीस! "बेटा, घाई केलीस की सूर फुटणार," एवढंच म्हणायचे.

दुसरे गुरू भेटले लग्नाच्या बँडमध्ये. दिवाळीच्या सुट्टीत तालुक्यातल्या एका ट्रम्पेटवाल्यांकडे माझा अडकलेला व्हॉल्व्ह दाखवायला गेले होते. "ताई, आमचा रियाज पावसाळ्यात. तेव्हा लग्नं नसतात ना," ते म्हणाले. त्यांना नोटेशन येत नाही, पण नवीन गाणं दोन-तीनदा ऐकून बसवतात आणि चालता चालता तासन्‌तास वाजवतात. निघताना मी "येते मास्तर" म्हटलं, तर चक्क लाजले. "बँडवाला म्हणतात आम्हाला. मास्तर कोण म्हणतंय?"

हे मला लागलं. वरातीत आपण त्यांना उन्हात उभं करतो, शेवटच्या पंगतीला जेवायला बसवतो आणि कोणाची टर उडवायची असली की त्याला 'बँडवाला' म्हणतो. दुसरीकडे मुंबईत २००६ मध्ये एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला, तरी त्यात आजही बरेच वादक परदेशातून आणावे लागतात. आपल्याकडे फुंकणाऱ्यांची वाण नाही. वाण आहे ती शिकण्याच्या जागेची आणि शिकवणाऱ्याच्या मानाची.

कोणी म्हणेल, इंजिनिअरिंगला आलात, अभ्यास करा. मान्य. कोणाची झोपमोड करायचा हक्क मलाही नाही. म्हणूनच माझं मागणं साधं आहे. संध्याकाळी पाच ते सात वर्कशॉपमागची एक रिकामी खोली द्या, होस्टेल आणि लायब्ररीपासून लांब. हॉर्न, तबला, बासरी, ज्याला जे शिकायचंय त्याच्यासाठी. आणि महिन्यातून दोनदा अशा एखाद्या मास्तरांना बोलवा. गेस्ट लेक्चररला देतो तेच मानधन, तीच खुर्ची, तोच चहा. पैसे गॅदरिंगच्या डीजेच्या बिलातून कापा, आम्ही कुरकुर करणार नाही!

सध्या हॉर्न कॉटखाली पेटीत आहे. मी उशीत तोंड खुपसून नुसता माउथपीस वाजवते. रूममेट म्हणते, यापेक्षा डास बरे. बघा, पटतंय का. खोली मिळाली तर पुढच्या गॅदरिंगला नक्की वाजवीन. फक्त पहिल्याच महिन्यात चांगलं वाजेल, अशी अपेक्षा ठेवू नका.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल